सतरा सेकंदांची शांतता

भरलेली पळी एका हाताने हवेत किती वेळ धरता येते, याला प्रत्येक माणसाची एक मर्यादा असते. योसीनची मर्यादा त्या बुधवारी बास्तियानच्या बाहीवर संपली. सूप वाटाण्याचं होतं, घट्ट, आणि बाही काळ्या कोटाची. त्या सकाळी गावात कुणाचा तरी दफनविधी होता, म्हणून बास्तियान कोटातच जेवायला आला होता. एरवी तो स्वेटर घालून येतो आणि स्वेटर धुता येतो. एवढ्या फरकामुळे आमच्या वेल्डरडाइक गावाचे दोन तुकडे झाले, असं मी म्हटलं तर तुम्हाला वाटेल, लेंडर्ट वाढवून सांगतोय. मी छत्तीस वर्षं जलमंडळात कालव्यांच्या पाण्याची पातळी मोजली आहे. वाढवून सांगण्याची मला सवय नाही. मी सेंटिमीटरमध्ये सांगतो.

ही बुधवारची पंगत मी सुरू केली. गावाच्या सभागृहात, दुपारी साडेबाराला, गावातल्या एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांसाठी. माझं स्वतःचं म्हणाल तर घरी उत्तम चाललं होतं. विलमिन, माझी बायको, जाऊन तेव्हा सात महिने झाले होते, पण त्याचा या पंगतीशी काही संबंध नाही. मी ओट्याशी उभा राहून पातेल्यातूनच जेवत असे. त्याने ताट धुण्याचा वेळ वाचतो. गावात मात्र बरीच माणसं एकटी जेवत होती, आणि त्यांच्यासाठी कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं. मी सूचना मांडली, आणि आश्चर्य म्हणजे बास्तियान आणि योसीन दोघंही त्याच दिवशी तयार झाली.

बास्तियान पेअरच्या बागा असलेला, चर्चच्या पंचांपैकी एक. त्याच्याकडे बटाटे सोलण्याचं खातं होतं. योसीनने तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. देव या विषयावर तिचं मत असं की पुरावा आणा, मग बोलू. तिच्याकडे सूप. दोघांची घरं एकाच बांधावर, आणि दर फेब्रुवारीत बास्तियान तिच्या अंगणातल्या पेअरच्या झाडाची छाटणी करून द्यायचा. छाटताना दोघं देवावरून वाद घालायची. तो शिडीवरून, ती खालून. छाटणी झाली की वाद संपायचा आणि कॉफी व्हायची. गावाला त्याची सवय होती.

पंगतीत सूप वाढण्याआधी बास्तियान मोठ्याने प्रार्थना म्हणायचा. तेवढा वेळ योसीन स्वयंपाकघरात थांबून सूप ढवळायची. कुणी काही ठरवलं नव्हतं, आपोआप चाललं होतं. त्या बुधवारी मात्र वाढायला माणूस कमी होता, ती पातेलं घेऊन बाहेर आली होती, पळी भरलेली होती, आणि बास्तियानने डोळे मिटले. आठवड्यात वादळ होऊन गेलेलं. त्यामुळे प्रार्थनेत बांध आला, पंपघर आलं, फ्लू आला, दफन झालेल्या बाईंची सगळी मुलं नावानिशी आली. चौथ्या मुलाच्या नावाला पळी कलंडली.

"मुद्दाम केलंस," बास्तियान बाही झटकत म्हणाला.

"मुद्दाम करायचं असतं तर डोक्यावर ओतलं असतं. तुझी प्रार्थना संपेना आणि माझं मनगट संपलं."

"देवाशी बोलताना माणूस घड्याळ बघत नाही."

"मग सूपही त्यालाच वाढायला सांग."

पंगतीत बावीस माणसं होती. बावीस माणसं एकदम गप्प झाली. फक्त क्राइनकाकांचा चमचा वाजत राहिला, कारण त्यांना यातलं काही ऐकू आलं नव्हतं. क्राइनकाका त्र्याण्णव वर्षांचे, जुने होडीवाले, ठार बहिरे. कानातलं यंत्र शिट्टी मारतं म्हणून ते त्यांनी खिशात ठेवलेलं असतं. खिशातही ते शिट्टी मारतंच, पण ती काकांना ऐकू येत नाही.

त्या फेब्रुवारीत पेअरचं झाड छाटलं गेलं नाही. मी जाता-येता त्याच्याकडे बघत असे. नको त्या फांद्या सगळीकडून वर आल्या होत्या.

मी सभा बोलावली. कॉफी आणि माणशी एक बिस्किट. मग डबा बंद.

"माझं म्हणणं सोपं आहे," योसीन म्हणाली. "सभागृह सगळ्या गावाचं आहे. कुणाच्या देवाशी चाललेल्या खासगी बोलण्यात मला पळी धरून उभं राहायचं नाही."

"आणि मला आभार मानल्याशिवाय घास उतरत नाही," बास्तियान म्हणाला. "गोठ्यातली गाय तशी खाते."

"म्हणजे मी गाय."

"मी तसं म्हटलं नाही."

"गाय तू आणलीस, बास्तियान. मी सूप घेऊन आले होते."

तेव्हा मी शांतता सुचवली. मोठ्याने काही नको, सगळ्यांनी नुसतं गप्प बसायचं. ज्याला प्रार्थना करायची त्याने मनात करावी, ज्याला नाही त्याने सूपाचा वास घ्यावा. शांततेवर कोण आक्षेप घेणार, असं मला वाटलं. सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढूनही माणूस एवढा भाबडा राहू शकतो.

किती वेळ, हा पहिला प्रश्न. मी खिशातून जलमंडळाचं घड्याळ काढलं, सेकंद मोजायचं. बास्तियानने प्रभूची प्रार्थना मनातल्या मनात तीनदा म्हटली. चोवीस सेकंद, चोवीस, पंचवीस. तिसऱ्या वेळी त्याला खोकला आला होता. योसीन म्हणाली, दहा. दहापर्यंत माणूस दम घेतो, त्यापुढे ती प्रार्थना होते.

"कशावरून?" बास्तियानने विचारलं.

"तीस वर्षं शिकवलंय. वर्ग दहा सेकंदांपेक्षा जास्त गप्प बसला की समजायचं, कुणीतरी काहीतरी पेटवलंय."

आमच्याकडे कालव्यांना उन्हाळ्याची एक पातळी असते आणि हिवाळ्याची एक. एकाला शेत कोरडं हवं असतं, दुसऱ्याला विहिरीला पाणी. मी आयुष्यभर दोहोंच्या मधला आकडा काढत आलो. त्यावर दोन्ही पक्ष सारखेच नाराज होतात, आणि आमच्या खात्यात त्यालाच यश म्हणत. चोवीस आणि दहा, त्यांचा मध्य सतरा.

"सतरा सेकंदांत माझी प्रार्थना 'रोजची भाकर दे'पर्यंतच पोचते," बास्तियान म्हणाला. "पुढची 'क्षमा कर' राहून जाते."

"तुला क्षमेची गरज वाटते हे ऐकून बरं वाटलं," योसीन म्हणाली.

ठराव झाला. मग प्रश्न आला, शांतता सुरू कशाने करायची आणि संपवायची कशाने. घंटा चर्चची वाटते. टाळी शाळेची. ग्लासवर चमचा वाजवला तर लोकांना वाटतं आता कुणीतरी भाषण करणार, आणि दोन म्हातारे खरंच उभे राहतात. शेवटी मी घरून कोंबडी आणली. अंडी उकडताना वेळ लावायची, डोकं पिळलं की टिकटिक करणारी आणि वेळ झाली की वाजणारी पांढऱ्या प्लॅस्टिकची कोंबडी. विलमिनची. तिच्यावर सतरा सेकंदांची खूण नसल्यामुळे मी ती लाल नेलपॉलिशने केली. तेही विलमिनचं. ती चर्चमध्ये गायची आणि नखंही रंगवायची. गावात काहींना तिचं गाणं खटकायचं आणि काहींना नखं.

आमच्या घरी एक्केचाळीस वर्षं ती जेवणाआधी डोळे मिटायची आणि मी, जो लहानपणानंतर चर्चमध्ये फक्त लग्नाला आणि मयतीला गेलो, हात मांडीवर ठेवून थांबायचो. किती सेकंद, ते मी कधी मोजलं नाही. हे इथे का सांगतोय मला माहीत नाही. कोंबडीवरून आठवलं.

पहिल्या बुधवारी कळलं की शांततेत माणसं गप्प असतात, स्वस्थ नसतात. योसीनच्या बाजूच्यांनी चमचा मुठीत उभा धरला. त्यात उपहास आहे, असं बास्तियानच्या बाजूचं म्हणणं. बास्तियानच्या बाजूचे डोळे मिटत, आणि योसीनच्या बाजूचे ते मिटलेले डोळे टक लावून बघत. मी नियम केला, चमचे टेबलावर. दुसरा नियम, ज्याने त्याने स्वतःच्या सूपाकडे पाहावं. फळ्यावर मी जेवणाची यादी लिहिली, पहिली शांतता, दुसरं वाटाण्याचं सूप, तिसरं गाजर-बटाटा. त्यावर कुणीतरी खडूने लिहिलं, "पहिला पदार्थ बेचव." दुसऱ्या कुणीतरी त्याच्यापुढे लिहिलं, "मूर्खांना." पुसलं मात्र कुणीच नाही. जेवताना सगळे त्याच्याखाली बसले होते.

गावात सल्ल्यांचा पूर आला. आमची शेजारीण रिका कुंपणावरून म्हणाली, "लेंडर्ट, दोन पंगती कर. एक साडेबाराची, एक सव्वाची. आधी देवाची माणसं, मग विज्ञानाची."

"आणि ताटं कोण धुणार?"

"ज्यांचा कामावर विश्वास आहे ते." मग कुंपणावर वाकून तिने विचारलं, "तू नीट जेवतोस ना रे?" मी म्हटलं, विषय माझा नाही.

न्हाव्याने सुचवलं की सूपच बंद करा, भांडण सूपावरून झालंय. बेकरीवाल्याचं मत होतं की पावावर कुणी प्रार्थनेसाठी अडत नाही. खरं तर अडतात. सगळ्यांना उपाय माहीत होता, आणि बटाटे सोलायला कुणी येत नव्हतं.

एव्हाना दोघांनाही स्वतःच्या बाजूच्या माणसांनी मागे सरकायची जागा ठेवली नव्हती. योसीनच्या मदतीला शहरातून नोर्बर्ट आला. मुक्त विचारांच्या कुठल्याशा मंडळाचा, कोटावर बिल्ला. त्याने तिला सांगितलं की सतरा सेकंद म्हणजे शरणागती आहे. बास्तियानच्या मागे केटिंग बंधू उभे राहिले. दोघेही बैलासारखे रुंद. त्यांनी त्याला सुनावलं की कोंबडीच्या इशाऱ्यावर देवाशी बोलणारा पंच आम्ही आजवर पाहिला नव्हता. मार्चमधल्या एका बुधवारी, शांततेच्या पाचव्या सेकंदाला, नोर्बर्टने खिशातून टोस्ट काढून कडकन चावला.

"हे काय चाललंय?" मोठा केटिंग उठला. त्याची खुर्ची मागे पडली.

"जेवतोय. जेवणाला आलो आहे."

"बाहेर चल, तुला वाढतो."

धाकटा केटिंगही उठला. योसीन मध्ये आली, बास्तियान मध्ये आला, आणि क्षणभर मला वाटलं की आता त्र्याऐंशी वर्षांच्या बायकांसमोर हाणामारी होणार. कोंबडी वाजली. कुणी ऐकलं नाही. एक म्हातारी रडायला लागली, तिला मी घरी सोडून आलो. ती पुन्हा आली नाही. तिच्यामागून आणखी काही. बावीसची पंगत चौदावर आली. टेबलं लोकांनी हळूहळू लांब सरकवली, आणि मधून जायला एक रस्ता झाला, त्यातून फक्त मी चालत असे. भीती मला मुख्यत्वे मंगळवारी वाटायची. उद्या कुणीच आलं नाही तर, अशी. गावातल्या एकट्या माणसांचं काय होईल, याची.

मग एकाच दिवशी नगरपालिकेत दोन तक्रारी गेल्या. एक म्हणत होती सभागृहात धर्म शिरला आहे, दुसरी म्हणत होती धर्माला हाकललं जातं आहे. लोसेकोटबाई नावाच्या अधिकारी फॉर्म घेऊन आल्या. तरुण, नम्र, पेन दोरीने गळ्यात बांधलेलं.

"शांततेत काय होतं?" त्यांनी विचारलं.

"काही होत नाही."

"काहीच नाही?"

"सतरा सेकंद."

"काही होत नसेल तर वेळ का मोजता?"

बाई म्हणाल्या की त्या पुढच्या बुधवारी स्वतः येऊन बसतील. फॉर्मवर एक ओळ आहे, शांततेत काय घडतं याची. ती दोन्ही बाजूंनी एकसारखी भरायची आणि खाली दोन्ही सह्या. एकसारखी भरली नाही तर सभागृह त्या दिवसापासून बंद.

मी बास्तियानकडे गेलो. तो म्हणाला, "'प्रार्थना होते' असं लिही, मी सही करतो. दुसरं काही लिहिलं तर माझे सोलणारे माझ्याबरोबर बाहेर." मी योसीनकडे गेलो. ती म्हणाली, "'प्रार्थना होत नाही' असं लिही. आणि ती होणार नाही हे बघ. नाहीतर माझी पळी मी घेऊन जाते आणि बाईंना सांगते की होते. यावेळी पुरावा माझ्याकडे आहे."

पुरावा म्हणजे क्राइनकाका. हे सांगणं मी आतापर्यंत टाळत आलो. जोवर बास्तियान मोठ्याने म्हणत होता तोवर कळलं नव्हतं, पण शांतता सुरू झाली आणि उघड झालं की काका मनात प्रार्थना करतात असं फक्त काकांनाच वाटतं. बाहेर ती सगळ्यांना ऐकू येते. आजवर शांततेत आम्ही ऐकलेलं असं: सूपात आज मीठ बेताचं आहे, आभार. योसीनचा डावा गुडघा. बास्तियानचा मुलगा कॅनडात आहे आणि फोन करत नाही. योसीनला हा नियमभंग वाटे, बास्तियानला नाही. काकांच्या दृष्टीने ते गप्पच होते, असं तो म्हणे. गुडघ्याचं कुणाला सांगितलं नव्हतं, हे मात्र योसीनने मला एकदा हळूच सांगितलं. काकांनी तिला जिना उतरताना पाहिलं असणार.

काकांना कुणी सांगायचं, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी एकमताने माझ्यावर टाकला. एकमत झालेली ती एकच बाब. मंगळवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. दार उघडंच असतं. चुलीवर मोठं पातेलं होतं, गाजर-कांदा-बटाटा, वर मांसाचे तुकडे. सून शेजारीच राहते, रोज आणून ठेवते. मी झाकण उघडून पाहिलं आणि जरा गोंधळलो. माझ्या यादीत काकांच्या नावापुढे 'जेवणाची सोय नाही' असं लिहिलेलं होतं. ते मीच लिहिलं होतं, त्यांना न विचारता.

"काका," मी ओरडलो, "तुमची प्रार्थना ऐकू येते."

"हो, येते ना," काका म्हणाले. "त्याला सगळं ऐकू येतं."

"त्याला नाही. आम्हाला."

"तुम्हालाही येईल. वय व्हायला पाहिजे."

"उद्या पालिकेच्या बाई येणार आहेत. उद्या जरा गप्प बसा."

"गप्प? मी गप्पच असतो रे. मला कुणी विचारतं का काही." त्यांनी माझा हात थोपटला. "तू उद्या आहेस ना? मग झालं. मी येतो."

मी घरी आलो, ओट्याशी उभा राहून दोन घास खाल्ले आणि पातेलं झाकून ठेवलं.

बुधवारी एकोणीस माणसं आली. भांडण बघायला जास्त लोक येतात, हे पूर आल्यावर बांधावरही मी पाहिलेलं आहे. डावीकडे योसीन, शेजारी नोर्बर्ट, त्याचा खिसा फुगलेला. उजवीकडे बास्तियान, काळ्या कोटात, मागे केटिंग बंधू, खुर्च्या आधीच मागे सरकवलेल्या. लोसेकोटबाई टोकाला, फॉर्म मांडीवर. क्राइनकाका मधोमध, रस्त्याच्या काठावर. मी नेहमीप्रमाणे कोंबडीजवळ, हातात घड्याळ. सूप वाढून झालं. मी कोंबडीचं डोकं लाल खुणेपर्यंत पिळलं.

टिकटिक सुरू झाली आणि काका पुटपुटायला लागले.

"देवा, सूपाबद्दल आभार. योसीनच्या गुडघ्याकडे बघ. ती तुला मानत नाही, पण गुडघा तू केलेला आहेस. बास्तियानच्या पोराला फोन करायची बुद्धी दे."

योसीनने बाईंकडे पाहिलं. पुरावा चालू होता. बाईंनी पेन उघडलं.

"आता लेंडर्ट," काका म्हणाले.

मी घड्याळाकडे पाहत होतो. अकरा सेकंद झाले होते.

"देवा, विलमिन गेल्यापासून हा माणूस पातेल्यातून जेवतो. उभ्याने. रिकाने कुंपणावरून पाहिलंय. त्याला एकटं बसवत नाही, म्हणून त्याने हे सगळं उभं केलं, आणि आम्हाला एकटे म्हणतो. म्हणू दे."

कोंबडी वाजली.

काकांना ती ऐकू येणं शक्य नव्हतं. नोर्बर्टचा हात खिशात गेला, आणि योसीनने त्याच्याकडे पाहिलं. तीस वर्षं वर्गाकडे पाहिलेली नजर होती ती. हात खिशातच राहिला. उजवीकडे मोठा केटिंग उठू लागला, तर बास्तियानने मागे न बघता आपला पंजा त्याच्या गुडघ्यावर ठेवला. मग योसीन उठली. माझ्याजवळ आली, माझ्याकडे न बघता तिने कोंबडी उचलली आणि तिचं डोकं पिळलं. लाल खुणेच्या पुढे, पार टोकापर्यंत.

"माझी सून छान करते," काका सांगत होते, "पण बुधवारी मी तिला म्हणतो, नको, मला लेंडर्टकडे जायचंय. पहिल्या दिवशी बास्तियान आणि योसीन दोघं माझ्याकडे आली होती. म्हणाली, काका, तुम्ही याच, तो काहीतरी करू पाहतोय, ते चाललं पाहिजे. आता तीच भांडतायत. भांडू देत, त्यांना सवय आहे. पण पंगत मोडू देऊ नकोस. मोडली तर तो परत ओट्याशी जाईल. आणि आम्हाला माहीत आहे हे त्याला कळू देऊ नकोस, देवा. त्याला फार लागेल. आमेन."

एकोणीस माणसं नियमाप्रमाणे आपापल्या सूपाकडे बघत होती, नोर्बर्टसुद्धा. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि लाज वाटत असतानाच इतकं बरंही कधी वाटलं नव्हतं. काकांनी डोळे उघडले, चमचा उचलला आणि खायला लागले.

लोसेकोटबाईंनी घसा साफ केला. "मला ओळ भरायची आहे," त्या हळू म्हणाल्या. "शांततेत काय झालं?"

योसीनने आता नुसतं खरं सांगितलं असतं तरी पुरे होतं. नावं घेऊन, मोठ्याने, कोंबडी वाजल्यानंतरही, प्रार्थना झाली होती. बास्तियानलाही तेच खरं पुरलं असतं, आणि त्याच्या बाजूने तो जिंकला असता. तो चर्चचा पंच आहे. पेअरच्या वजनातसुद्धा तो कधी खोटं बोललेला नाही.

योसीन म्हणाली, "काही नाही."

बाईंनी बास्तियानकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते.

"काही नाही," बास्तियान म्हणाला. "गप्प बसलो होतो."

बाईंनी दोघांकडे पाहिलं, मग काकांकडे, मग जरा वेळ छताकडे. "काही नाही" असं त्यांनी लिहिलं आणि फॉर्म पुढे केला. दोघांनी सह्या केल्या. मग त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि सूप उरलंय का, असं विचारलं.

"गार झालंय," योसीन म्हणाली.

"चालेल."

बास्तियान सूप पिऊ लागला. दोन घोटांनंतर, कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात, तो म्हणाला, "आज क्षमेपर्यंत पोचलो."

"बाही सांभाळ," योसीन म्हणाली. मग तिने बाजूची एक खुर्ची पायाने ओढली आणि माझ्याकडे पाहिलं. "बस."

"मला अजून कस्टर्ड बघायचंय," मी म्हटलं.

"कस्टर्ड कुठे जात नाही. बस आणि जेव."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की या पंगतीतही, पहिल्या बुधवारपासून, मी उभाच होतो. मी बसलो. सूप खरंच गार झालं होतं.

कस्टर्डमध्ये मनुके असावेत की नाही यावरून त्यानंतर दोघांचं जे वाजलं ते आजही मिटलेलं नाही, आणि त्यात नोर्बर्ट आणि धाकटा केटिंग एका बाजूला आहेत. पण पेअरच्या झाडाखाली एप्रिलमध्ये शिडी लागलेली मी पाहिली. छाटणीला उशीर झाला होता, आणि तो कुणामुळे झाला यावर वरून-खालून वाद चालला होता.

त्या बुधवारची नोंदवही मी घरी गेल्यावर लिहिली, टेबलाशी बसून. उपस्थिती एकोणीस, पाहुण्या एक. सूप वाटाण्याचं. मग घड्याळ काढून पाहिलं. ते मी थांबवलं होतं तिथेच होतं: एक मिनिट, छप्पन्न सेकंद. मी ते खिशात ठेवलं, आणि मग छत्तीस वर्षांत पहिल्यांदा चुकीचा आकडा लिहिला. शांतता, सतरा सेकंद.